तेरा इंचांचा हिशेब

(वाळवंटात चालवायच्या पिकअपच्या सस्पेन्शनवर पुण्यात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

आधी एक गणित करू. सामानासकट अडीच टनांची पिकअप अर्ध्या मीटरवरून खाली आदळली, तर ऊर्जा किती? बरोबर, साधारण १२ हजार जूल. आता ही ऊर्जा जाणार कुठे? तुम्ही नीट सोय केली नाही, तर ती स्वतःची सोय करते: चेसिसमध्ये, वेल्डिंगच्या सांध्यात, नाहीतर तुमच्या मणक्यात.

मी दक्षिण कॅलिफोर्नियात राहतो. सीमा ओलांडली की मेक्सिकोचं बाहा सुरू होतं. वाळवंटाची एक लांबलचक जीभच आहे ती, दोन्हीकडे समुद्र. १९६२ साली डेव्ह एकिन्स आणि बिल रॉबर्टसन ज्युनियर हे दोघे होंडाच्या मोटरसायकलींवर सीमेवरच्या तिहुआनाहून दक्षिणेकडच्या ला पासला गेले. एकिन्स चाळीस तासांच्या आत पोहोचला. पुढे १९६७ मध्ये त्याच वाटेवर पहिली शर्यत झाली आणि ती २७ तास ३८ मिनिटांत जिंकली एका मायर्स मँक्स बग्गीनं. फोक्सवॅगन बीटलचा सांगाडा, त्यावर फायबरग्लासचं टरफल. हलकी गाडी जिंकली, एवढं लक्षात ठेवा; मी वर्षानुवर्षं तेच विसरलो होतो.

शर्यतीआधी रस्ता पाहून यायला स्पर्धक ज्या पिकअप वापरत, त्यांना प्रीरनर म्हणतात. आमच्या लाँग ट्रॅव्हलच्या वेडाचं मूळ तिथं आहे. 'ट्रॅव्हल' म्हणजे चाकाचा प्रवास: चाक पूर्ण खाली लोंबकळतं तिथपासून पूर्ण वर दाबलं जातं तिथपर्यंत. माझ्या टोयोटा टॅकोमाला पुढे तो ८ इंचांच्या आसपास होता. मी तो १३ केला.

कसा? दाराची बिजागरी आठवा. दार तेवढंच उघडलं तरी रुंद दाराची कड जास्त फिरते. चाकाला धरणाऱ्या भुजा मी प्रत्येक बाजूला साडेतीन इंचांनी लांब केल्या. गाडी ७ इंच रुंद झाली, म्हणून पुढचे मडगार्ड फायबरचे फुगीर बसवले. पण नुसत्या लांबीनं ८ चे १३ होत नाहीत; सांध्यांनाही जास्त वळावं लागतं. मूळचा बॉल जॉइंट त्या कोनात अडकतो, तिथे युनिबॉल आला, म्हणजे जास्त कोनात वळणारा गोलाकार सांधा. एक्सल लांब करावे लागले, आणि त्यांचा सीव्ही जॉइंट, म्हणजे कोनात असतानाही चाक फिरवत ठेवणारा सांधा, एका मर्यादेपलीकडे वळला की सरळ तुटतो. म्हणून चाक फार खाली लोंबकळू नये यासाठी नायलॉनचा पट्टा बांधतात. हजारोंच्या खर्चातली सर्वात स्वस्त वस्तू, आणि सर्वात शहाणी. ज्यांना पुढच्या चाकांना इंजिनाचा जोर नको असतो, त्यांना सीव्ही जॉइंटचं हे बंधन नाही. पण वाळूत एकट्यानं जायचं तर मला फोर बाय फोर सोडायचं नव्हतं.

आता ते १२ हजार जूल. स्प्रिंग ऊर्जा खात नाही, उधार ठेवते आणि परत फेकते. खातो तो शॉकॲबसॉर्बर. पिस्टनच्या बारीक छिद्रांतून तेल ढकललं जातं, घर्षणानं तापतं, आणि धक्क्याची उष्णता होते. पन्हाळी पत्र्यासारख्या खरखरीत रस्त्यावर तासभर गाडी चालवा आणि शॉकॲबसॉर्बरला हात लावून बघा. नको, लावू नका, भाजेल. तेल तापून त्याला फेस आला की पिस्टनला धरायला काही उरत नाही आणि गाडी उंटासारखी डुलायला लागते. म्हणून वेगळी टाकी, म्हणजे तेल जास्त, आणि फेस येऊ नये म्हणून दाबाखाली नायट्रोजन.

इथवर सगळं छान. मग मी सामान भरलं.

पाणी ७५ लिटर, म्हणजे ७५ किलो. जादा पेट्रोल, फ्रिज, दुसरी बॅटरी, अवजारं, अडकलेली गाडी ओढून काढायचा विंच, पोलादी बंपर, छतावरचा तंबू. त्यात आम्ही दोघं. या गाडीची वहनक्षमता साधारण पाचशे किलो. ती घरासमोरच संपली. मागच्या चाकांच्याही १३ इंचांपैकी वर जायला ७ होते. कमानपाटे ३ इंच खाली बसले आणि उरले ४. लाँग ट्रॅव्हलचे पैसे मोजून मी शॉर्ट ट्रॅव्हल विकत घेतलं होतं! पाटे कडक घ्यावेत, तर रिकामी गाडी बैलगाडीसारखी उडते.

शिक्षा बाहातल्या कताविन्याच्या पुढे मिळाली. मोठमोठे गोल धोंडे आणि त्यांच्यामध्ये सिरिओची उलट्या गाजरासारखी झाडं. बायको तेच बघत होती. मागून काडकन आवाज आला. मागच्या शॉकॲबसॉर्बरचा वरचा पाय, म्हणजे त्याला चेसिसशी धरणारा आधार, निखळला होता. वेल्डिंग माझंच होतं, त्यामुळे शिव्या द्यायला कोणी नव्हतं. दोन तासांनी एक मच्छीमार आला. त्यानं त्याची एक आणि माझ्या दोन अशा तीन बॅटऱ्या गाडीपासून सोडवून एकापुढे एक जोडल्या: ३६ व्होल्ट. जंप केबलच्या टोकाला वेल्डिंगचा रॉड पकडला आणि दहा मिनिटांत पाय चिकटवला. माझ्यापेक्षा सुबक. पैसे घेतले नाहीत. फ्रिजमधल्या सहा थंड बाटल्या मात्र घेतल्या, तेवढंच वजन कमी.

प्रश्न आलाय की हे इथे करता येईल का. रस्त्यावर चालवायच्या गाडीला नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही उत्पादकाची मूळ रचना बदलता येणार नाही असं सांगितलंय. पण टायरमधली हवा कमी करायला कोणाची परवानगी लागत नाही. मी कच्च्या रस्त्यावर ३५ पीएसआयची २० करतो आणि सोबत कॉम्प्रेसर ठेवतो. सगळ्या गाडीत टायर हीच पहिली स्प्रिंग आहे, आणि मी तिच्याकडे सर्वात शेवटी पाहिलं.

छतावरचा तंबू मागच्या वर्षी विकला. आता आम्ही जमिनीवर झोपतो. मागची बाजू अर्धा इंच वर आली. बायको अजून विंचवांबद्दल बोलते.