तीन वर्षांची यादी आणि एक घागर

(टेबल, दिवा, उघडं बायबल. पानांमधून लोंबणाऱ्या चार फिती.)

या फिती आधी नीट बघून घ्या. जांभळी, पांढरी, हिरवी, लाल. कॅमेरा आत्ता जिच्यावर थांबलाय ती जांभळी, कारण लेंट चालू आहे, म्हणजे ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ. आणि हा जो हात फीत सरळ करतोय तो पाळकसाहेबांचा. चेहरा दाखवायचा नाही या अटीवरच ते शूटिंगला हो म्हणाले, त्यामुळे पुढची बारा मिनिटं तुम्हाला मुख्यतः हातच दिसणार आहेत. हात बोलके आहेत, काळजी नको.

हा सोमवार. सोमवारी बरेच पाळक सुट्टी घेतात, हेही घेतात, फक्त सुट्टीच्या आधी कपाटाचं दार उघडून आतल्या बाजूला चिकटवलेल्या यादीवर बोट फिरवतात. लेंटचा तिसरा रविवार, वर्ष 'अ'. निर्गम १७, १ ते ७. स्तोत्र ९५. रोमकरांस पत्र ५, १ ते ११. योहान ४, ५ ते ४२. मोजली तर ६७ वचनं होतात, त्यातली ३८ एकट्या योहानाची. याकोबाची विहीर, भर दुपार, पाणी भरायला आलेली शोमरोनी बाई. रविवारी यावरच बोलायचं. आवडो न आवडो, सुचो न सुचो.

कोणत्या रविवारी बायबलचे कोणते भाग वाचायचे हे आधीच ठरवून देणारी ही यादी, आमचा सगळा व्हिडिओ तिच्याबद्दल आहे. कारण हल्ली संदेश, म्हणजे रविवारचं प्रवचन, म्हटलं की लोकांना वाटतं पाळकाच्या मनात एक विषय असतो, तो विषय ठरवतो, मग त्याला साजेसं वचन शोधून वर चिकटवतो, आणि खरं सांगायचं तर कितीतरी ठिकाणी असंच चालतं. एकदा क्षमा, एकदा आशीर्वाद, एकदा देणगी, परत क्षमा. बायबल एवढं जाडजूड आणि मंडळीला वर्षानुवर्षं त्यातली तीच वीसेक पानं ऐकायला मिळतात, कारण पाळकाला ती आवडतात. यादी नेमकी याच्या आड येते.

(यादीचा क्लोजअप. कडा पिवळ्या, सेलोटेप दोनदा लावलेला.)

आता यादी चालते कशी. चर्चचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, ख्रिसमसच्या आधी चार रविवार असलेल्या आगमनकाळात सुरू होतं. पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या मधे कधीतरी येतो. मग ख्रिसमस, मग प्रकटीकरणाचा सण, मग लेंट, मग ईस्टर आणि त्यापुढचे पन्नास दिवस, मग पन्नासाव्या दिवसाचा सण म्हणजे पेंटेकॉस्ट, आणि त्यानंतर हिरव्या फितीचा लांबलचक काळ, जवळजवळ निम्मं वर्ष. ख्रिसमसची तारीख पक्की, ईस्टर मात्र चंद्रावर चालतो, पाश्चात्य चर्चच्या गणितात २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पौर्णिमा आणि तिच्या पुढचा रविवार, म्हणून तो २२ मार्च ते २५ एप्रिल यात कुठेही पडतो आणि लेंटला, पेंटेकॉस्टला आपल्याबरोबर मागे-पुढे ओढतो.

आणि हे सगळं तीन वर्षांच्या फेऱ्यात. येशूची गोष्ट सांगणारी शुभवर्तमानं चार, त्यातलं 'अ' वर्ष मत्तयाचं, 'ब' मार्काचं, 'क' लूकचं. साल ३ ने भागा, बाकी १ उरली तर 'अ', २ उरली तर 'ब', काहीच उरलं नाही तर 'क', फक्त ते वर्ष आदल्या सालच्या आगमनकाळातच लागलेलं असतं हे विसरू नका, हमखास गोंधळ होतो. योहानाला स्वतःचं वर्षच नाही. तो लेंटमधे, ईस्टरमधे असा मधेमधे डोकावतो, आणि मार्काचं शुभवर्तमान फक्त १६ अध्यायांचं म्हणून 'ब' वर्षात योहानाचा सहावा अध्याय घातलाय, सलग पाच रविवार. 'जीवनाची भाकर मी आहे.' पाच आठवडे भाकरीवर काय बोलायचं हा पाळक लोकांमधला जुना विनोद आहे. साहेबांनी तो आम्हाला दोनदा सांगितला.

(जुनी चित्रं, हस्तलिखितं.)

ही चित्रं मिळाली म्हणून थोडा इतिहास. ठरलेले भाग क्रमाने वाचण्याची रीत ख्रिस्ती मंडळीने शोधून काढलेली नाही, ज्यू सभास्थानांत तोरा, म्हणजे मोशेची पाच पुस्तकं, आजही ५४ भागांत वाचतात, वर्षभरात पुरा करून परत पहिल्या पानावर येतात. लूकच्या चौथ्या अध्यायात येशू नासरेथच्या सभास्थानात उभा राहतो, हातात यशयाचा पट दिला जातो, तो वाचतो, पट गुंडाळतो, परत देतो, खाली बसतो आणि बोलायला लागतो. बसून बोलायचं, तेव्हाची पद्धत तशीच. त्यात गंमत अशी की तो वाक्याच्या मधेच थांबतो, 'प्रसादाच्या वर्षा'पर्यंत वाचतो आणि यशयात लगेच पुढे असलेला सूडाचा दिवस वाचत नाही. शास्त्रभाग कुठे तोडायचा हा प्रश्न एवढा जुना आहे. तो संदेश संपल्यावर श्रोत्यांनी त्याला कड्यावरून ढकलायला नेलं हे वेगळं.

झुरिकमधे झ्विंग्ली या धर्मसुधारकाने १५१९ मधे जुनी यादी बाजूला ठेवली आणि मत्तयापासून सलग सांगायला घेतलं. जिनिव्हाचा सुधारक कॅल्विन, त्याचंही तसंच, पुस्तक धरायचं ते शेवटापर्यंत. त्याला १५३८ मधे जिनिव्हातून घालवून दिलं, १५४१ मधे परत बोलावलं, सगळ्यांना वाटलं आता हा तीन वर्षांचा राग काढणार, तर गडी व्यासपीठावर चढला आणि जिथे सोडलं होतं तिथून पुढे सुरू झाला. म्हणजे या लोकांनी यादी टाकली, पण 'आज मला काय बोलावंसं वाटतंय' याला त्यांनीही जागा ठेवली नाही.

आत्ताची तीन वर्षांची यादी मात्र नवी आहे. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मधे ठरवलं की बायबलचं भांडार लोकांपुढे जास्त मोकळेपणाने उघडायचं, त्यातून १९६९ मधे कॅथलिक चर्चची नवी वाचनमाला आली, आणि तिचा सांगाडा घेऊन प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी मिळून आधी १९८३ मधे आणि मग सुधारून १९९२ मधे आपली सामायिक यादी केली. साहेबांच्या कपाटात आहे ती ही १९९२ ची. बरेच रविवार दोन्हींत एकच शुभवर्तमान असतं. ज्या चर्चचे लोक इतर शंभर गोष्टींवर भांडतात ते एकाच सकाळी एकच विहीर वाचतात, आणि ही गोष्ट मला तरी फार मोठी वाटते.

(मंगळवार. कागद, पेन.)

हे आम्ही कापलेलं नाही. साहेब योहानाची ३८च्या ३८ वचनं हाताने उतरवून काढतायत, दोन ओळींच्या मधे बोटभर जागा सोडून. मोबाईलवर अख्खं बायबल आहे, कॉपी-पेस्टला दोन सेकंद लागतील, आम्ही तसं म्हणालोही. त्यावर म्हणाले, "डोळा पळतो रे, हात पळत नाही." लिहून झालं की मोठ्याने वाचायचं, उभं राहून, तीन वेळा, कारण मंडळी हे कानाने ऐकणार आहे. मग पेन्सिल. 'पाणी' आलं की गोल. 'घागर' आली की चौकोन. प्रश्नचिन्ह आलं की समासात आडवी रेघ, आणि बघा किती रेघा झाल्यात, बाई नुसती ऐकत नाहीये, ती उलट विचारतेय, विहीर खोल आहे, पोहरा नाही, पाणी आणणार कुठून.

मग शेजारचे भाग. निर्गमात लोक तहानलेले, मोशेशी भांडतात, परमेश्वर आमच्यामधे आहे की नाही, आणि खडकातून पाणी येतं. स्तोत्र ९५ त्याच जागेची आठवण काढतं, मरीबा, मन कठीण करू नका. रोमकरांसच्या पत्रात प्रीती अंतःकरणात 'ओतलेली' आहे. तिथे लोक देवाकडे पाणी मागतात, आणि विहिरीवर येशू दमून बसलाय आणि स्वतः पाणी मागतोय. हे लिहिताना साहेबांचा हात थांबला, दिसतंय बघा. दर आठवड्याला असं जुळत नाही हं. हिरव्या काळात जुन्या कराराची गोष्ट कधीकधी स्वतःच्याच वाटेने आठवड्यामागून आठवडे चालते, शुभवर्तमान वेगळ्या वाटेने, आणि तरी ओढूनताणून दोघांचं लग्न लावणारे संदेश आपण सगळ्यांनी ऐकलेत.

आदल्या रविवारी याच यादीत निकदेम होता. तो रात्री आलेला, नाव असलेला, शिकलेला, इस्राएलाचा गुरू. ही दुपारी आलेली, नावसुद्धा नाही. रात्र आणि दुपार लागोपाठच्या दोन रविवारी. पुढच्या रविवारी जन्मांध माणूस, त्याच्या पुढच्या रविवारी येशूने मेलेल्यातून उठवलेला लाजर. विहीर, आंधळा आणि लाजर हे तीन भाग फार जुन्या काळापासून बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्यांसाठी लेंटमधे वाचले जायचे. ही ओळ एकट्या पाळकाने आपल्या मनाने लावली असती? मला नाही वाटत.

(बुधवार. पुस्तकांचा ढीग.)

टीकाग्रंथ, म्हणजे बायबलवरची भाष्यं, बुधवारी, त्याआधी नाही. आधी स्वतः अडखळायचं, मग दुसऱ्याला विचारायचं. आणि अडखळायची जागा इथे सगळ्यांना माहिती आहे, येशू बाईला म्हणतो तुला पाच नवरे होते. या बाईला पापी, चवचाल ठरवून किती संदेश झाले असतील देव जाणे, साहेब म्हणाले त्यातले दोन-तीन माझेच. पण कागदावर बघा ना. विधवा झाली असेल, टाकली असेल, कारण दिलेलंच नाही. येशू तिला रागावत नाही, क्षमाही करत नाही, कारण पाप हा शब्दच त्या बोलण्यात नाही. पेन्सिलने तिथे लिहिलंय, 'मी घातलेलं काढणे.' आणि त्याच्या खाली अजून एक, 'पाणी प्यायला का?' नाही सापडत. मागितलं सातव्या वचनात, पुढे कुठेही तो प्यायल्याचं लिहिलेलं नाही. आणि अठ्ठाविसाव्या वचनात बाई गावात पळाली ती घागर तिथेच टाकून.

घागरीवर साहेब खूश झाले. संदेश मिळाला. पाणी भरायला आलेली, आणि घागरच विसरली.

(गुरुवार. फाईल.)

आता हे. कपाटाच्या खालच्या कप्प्यातली फाईल, वर 'अ' लिहिलेली. गुरुवारच्या आधी ती उघडायची नाही हा त्यांचा नियम. तीन वर्षांपूर्वीचा याच रविवारचा संदेश काढला, चार पानं, निळी शाई, आणि शेवटचा परिच्छेद घागरीचा. जवळजवळ याच शब्दांत. त्याच्या मागे सहा वर्षांपूर्वीचा, त्यातही घागर. आम्ही हसलो, ते नाही हसले. बराच वेळ पानांच्या कडा सरळ करत बसले.

यादीवर लोक हाच आक्षेप घेतात, तेच तेच येतं. आणखीही आक्षेप आहेत आणि ते खोटे नाहीत. यादी अवघड पानं चुकवते. शास्ते हे २१ अध्यायांचं पुस्तक, त्यातला तीन वर्षांच्या रविवारांमधे एकच तुकडा येतो, दबोरेचा, सात वचनांचा. बापाच्या नवसापायी बळी गेलेल्या इफ्ताहाच्या मुलीची गोष्ट रविवारी चर्चमधे कधीच वाचली जात नाही. का, ते कळतं, पण पटत नाही. मात्र तेच तेच येतं त्याचा दोष यादीला देऊ नका. शास्त्रभाग परत आला, संदेशही तसाच परत आला, तर गडबड टेबलाच्या या बाजूला आहे.

शुक्रवारचं आमच्याकडे काही नाही. मंडळीत अंत्यविधी होता, कॅमेरा नेला नाही.

(शनिवार रात्र. खोडलेली पानं.)

शनिवारी घागरीचा परिच्छेद गेला. ही आडवी रेघ. त्या जागी आलंय ४२वं वचन, जे आधीच्या दोन्ही संदेशांत नव्हतं. गावचे लोक त्या बाईला म्हणतात, आता तुझ्या सांगण्यावरून नाही, आम्ही स्वतः ऐकलंय. साहेब म्हणाले, "हे मी तीनदा उतरवलं असेल, कधी दिसलं नाही. संदेश देणाऱ्याची गरज संपली असं सांगणारं वचन आहे, कशाला दिसेल." मग पाच पानांची चार केली, चाराची साडेतीन. पोप फ्रान्सिस यांनी २०२४ मधे सांगितलं होतं की प्रवचन आठ मिनिटांच्या वर नको. साहेब कॅथलिक नाहीत, त्यांना १४ लागली.

(रविवार. रिकाम्या होत जाणाऱ्या बाकांचा लांबून शॉट.)

रविवारी संदेश झाला, दोघी-तिघी थांबून काहीतरी बोलल्या, ते माईकवर आलेलं नाही.

(परत टेबल. संध्याकाळ.)

साडेतीन पानं फाईलमधे गेली, खोडलेल्या परिच्छेदासकट. जांभळी फीत पाच अध्याय पुढे सरकली. योहान ९, सबंध अध्याय, ४१ वचनं, जन्मांध, थुंकीचा चिखल, शिलोहचं तळं. खरं तर मंगळवारचं काम, पण आम्ही सामान आवरत होतो तेवढ्यात कागद पुढे ओढून त्यांनी सुरुवात केलीसुद्धा. दुसऱ्याच ओळीत पेन कोरडं पडलं. "बंद करा आता," म्हणाले, "रिफिल कुठे ठेवलीय ते शोधायचंय."