सुई वेग दाखवतच नसते

(लातुरात पायलट व्हायला निघालेल्या पोरापोरींसमोर झालेलं भाषण, थोडं निवडून)

बसा बसा. मागचे पुढं या, कूलर इकडंच आहे. विषय दिलाय 'विमान उडतं कसं आणि पडतं कसं', पाऊण तास म्हणाले, त्यातली वीस मिनिटं हारतुऱ्यांत गेली. पण त्याआधी एक गोष्ट सांगतो, लै दिवसाची पोटात आहे. ही विक्सची डबी फिरवा, उघडून बघा, सांडू नका.

आतलं ढेकूळ म्हणजे कुंभारमाशीचं घर. आपल्या मीटरच्या पेटीत करते ना, तेच. फोडलं तेव्हा आत अळी होती आणि तिच्या बेगमीला अर्धमेले कोळी ठासलेले. हे निघालं माझ्या सेसनाच्या, म्हणजे शिकायच्या छोट्या विमानाच्या, वेग मोजायच्या पिटो ट्यूबमधनं. पिटोट नाही हां, पिटो, शेवटचा टी गिळायचा. १७३२ साली पितो नावाच्या फ्रेंच इंजिनिअरनं पॅरिसच्या सेन नदीत वाकडी नळी बुडवून पाण्याचा वेग मोजला, तीच नळी आज आपल्या डाव्या पंखाखाली लटकतेय.

तिला लाल फितीचं कव्हर असतं. आमच्या क्लबात ते कव्हर कुणीतरी मोटारसायकल पुसायला नेलं, चार दिवस विमान तसंच उघडं, आणि त्यात माझी सोलो, म्हणजे एकट्यानं उडवायचं. धावपट्टीवर धावताना 'एअरस्पीड अलाइव्ह', म्हणजे वेगाची सुई हलली, असं म्हणायचं असतं, मी म्हणलो बी, पोपटासारखं, सुईकडं न बघता! चाकं सुटली, बघतो तर काटा शून्यावर. विमान उडतंय आणि सुई म्हणतेय उभं आहे. घशाला कोरड. आरटीवर, म्हणजे रेडिओवर, इन्स्ट्रक्टर ओरडले, "अरे काटा सोड, नाक बघ अन् पॉवर बघ." तेवढ्यावर फिरलो, फायनलला, म्हणजे धावपट्टीच्या रेषेत शेवटचं उतरताना, इंजिन पंधराशे आरपीएमवर, पंखामागचे फ्लॅप खाली, आणि उतरलो. धड उतरलो म्हणणार नाही, दोनदा उसळलो.

आता झालं काय ते ऐका, परीक्षेत येतंच. सुई वेग दाखवत नसते, ती दोन दाबांतला फरक दाखवते. नळीत समोरनं घुसलेल्या हवेचा दाब, वजा बाजूच्या स्टॅटिक भोकातला शांत हवेचा दाब. माझं पुढचं तोंड बुजलं, पण पाणी निघायचं ड्रेन भोक उघडं होतं, म्हणून काटा शून्य. ते बी बुजलं असतं तर कोंडलेला दाब तसाच राहतो, वर जाल तसा बाहेरचा उतरतो, म्हणजे काटा चढतो, वेग वाढला नसताना! १९९६ला डोमिनिकन रिपब्लिकमधनं उडालेल्या बिर्गेनएअर कंपनीच्या बोईंग ७५७ विमानाचं असंच झालं. काटा वेग जास्त दाखवतोय म्हणून खरा वेग कमी होत गेला, विमान स्टॉल होऊन, म्हणजे पंखांची उचल सुटून, समुद्रात, १८९ माणसं गेली. नळ्या सापडल्याच नाहीत, पण संशय अशाच माशीवर. को-पायलटचा काटा बरोबर होता हो, तेच तर जास्त लागतं मनाला.

काय? पाचच मिनिटं? बरं.

तर लिफ्ट, म्हणजे विमानाला वर उचलणारा जोर. वरची हवा लांबच्या रस्त्यानं पळत जाऊन खालच्या हवेला गाठते, हे शाळेतलं विसरा, तसं काही ठरलेलं नसतं. पंख हवेला खाली ढकलतो, हवा पंखाला वर. अँगल ऑफ अटॅक, म्हणजे पंख आणि समोरनं येणारी हवा यांच्यातला कोन, साधारण पंधरा-सोळा अंशांपुढं गेला की वरची हवा पंख सोडते, तो स्टॉल, मग वेग कितीबी असो. साठ अंश बँकमध्ये, म्हणजे विमान तेवढं कलवून, उंची धरून वळाल तर स्टॉल स्पीड, म्हणजे ज्याच्या खाली स्टॉल होतो तो वेग, एक्केचाळीस टक्के वाढतो, लिहून घ्या. आणि आपला मे महिना: दोन हजार फुटांवरचं गाव, ४२ डिग्री, तर हवा विमानाला सुमारे पावणेसहा हजार फुटांवरची वाटते. धावपट्टी लांब लागते, चढण मंद. दुपारी दोघं जाडजूड आणि टाकी फुल, असं नका करू.

उंची दाखवणारा अल्टिमीटर राहिलाच, चहाला विचारा. आणि ती डबी कुठं गेली? मागं खिडकीजवळ? परत द्या लेकरांनो.