पहिला आकडा २७०३६९

स्क्रीनवर बघा, रँडम आकडे बनवणारा हा कोड, फक्त तीन ओळी आहेत. एक आकडा घ्यायचा, १३ बिट (बिट म्हणजे आकड्याच्या बायनरी रूपातला एक ० किंवा १) डावीकडे सरकवायचा आणि मूळ आकड्याशी एक्सॉर करायचा, म्हणजे दोन्हींचे बिट जोडीने बघायचे, वेगळे असतील तर १, सारखे असतील तर ०, जे येईल ते १७ बिट उजवीकडे सरकवून परत एक्सॉर, मग ५ बिट डावीकडे आणि परत एक्सॉर. झाला आपला रँडम नंबर जनरेटर. याला एक्सॉरशिफ्ट म्हणतात, गणितज्ञ जॉर्ज मार्साग्लिया यांनी २००३ मध्ये मांडलेला, आणि ३२ बिटांत हा शून्य सोडून सगळेच्या सगळे ४२९४९६७२९५ आकडे देऊन मगच पुन्हा पहिल्यावर येतो. तीन ओळींत एवढं, मला आजही भारी वाटतं हे.

पण यात नशिबाचा भाग काहीच नाही हां. सीड, म्हणजे सुरुवातीचा आकडा, १ दिलं की पहिला आकडा २७०३६९, दुसरा ६७६३४६८९, भाषा कुठलीही असो, मशीन कुठलंही असो. म्हणूनच तर कोड बरोबर आहे की नाही ते ताडून बघता येतं.

मी पायथॉनमध्ये लिहिलं तेव्हा पहिला आकडा बरोबर आला, खूश झालो, आणि दुसरा आला ६८७८७१११४२५. सगळं परत वाचलं, सरकवायचे आकडे तेच, क्रमही तोच, तरी चुकतंय. मग लक्षात आलं की पायथॉनमध्ये इंटिजर कितीही मोठा होऊ शकतो, ३२ बिटांच्या बाहेर गेलेले बिट गळून पडतच नाहीत. सी मध्ये अनसाइन्ड (ऋण आकडे नसलेला) ३२ बिट टाइप घेतला की ते आपोआप गळतात, इथे डावीकडे सरकवल्यावर दरवेळी आपणच मास्क लावून, म्हणजे फक्त खालचे ३२ बिट ठेवून, बाकीचे कापायचे. जावामध्ये वेगळंच, तिथे इंट साइन्ड असतो, म्हणजे डावीकडचा पहिला बिट ऋण-धन चिन्हाचा, त्यामुळे उजवीकडे सरकवताना दोन नाही तर तीन बाणांचा ऑपरेटर (>>>) लागतो. आणि सीड शून्य कधीच द्यायचं नाही, शून्यातून शून्यच येत राहतं.

अडकून बसण्याचा हा त्रास जुना आहे. १९४० च्या दशकात गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी रँडम आकड्यांसाठी सुचवलेली पद्धत अशी की आकड्याचा वर्ग करा आणि मधले अंक उचला. आता ३७९२ घ्या, वर्ग १४३७९२६४, मधले चार अंक परत ३७९२! संपलं तिथेच.

पण खरी धडकी भरवतो तो रँडू नावाचा जनरेटर. १९६० च्या दशकात आयबीएमच्या मशीनवर हा सर्रास वापरला जायचा. मागच्या आकड्याला ६५५३९ ने गुणा, २ च्या ३१ व्या घाताने भागा, बाकी ठेवा, इतकंच. यादी वाचली तर काही खटकत नाही. पण ६५५३९ म्हणजे २ चा १६ वा घात अधिक ३, त्याचा वर्ग मांडून बघा, कळतं की पुढचा आकडा म्हणजे मागच्याची सहापट वजा त्याच्या मागच्याची नऊपट, बाकी घेऊन. म्हणजे तीन-तीन आकडे घेऊन थ्रीडीमध्ये ठिपके काढले आणि ते चित्र हळूहळू फिरवलं, तर एका कोनातून सगळे ठिपके फक्त १५ सपाट थरांत बसलेले दिसतात. मधे सगळं रिकामं. आणि या आकड्यांवर लोकांनी खरीखुरी सायंटिफिक सिम्युलेशन चालवली होती.

अजून एक जागा, जिथे बरेच जण चुकतात. फासा हवा म्हणून एक रँडम बाइट (८ बिट) घेतला, ० ते २५५, आणि ६ ने भागून बाकी घेतली. २५६ ला ६ ने पूर्ण भाग जात नाही, म्हणून ० ते ३ ला ४३-४३ संधी मिळतात, ४ आणि ५ ला ४२ च. उपाय सोपा आहे, २५२ किंवा वरचं काही आलं तर ते टाकून द्यायचं आणि पुढचा आकडा घ्यायचा.

आणि पासवर्ड, ओटीपी असलं काही बनवायचं असेल तर हा कोड अजिबात वापरू नका. एक्सॉरशिफ्टचा एक पूर्ण आकडा कुणाच्या हाती लागला की पुढचे सगळे त्याला काढता येतात, कारण तो आकडा हीच त्याची सगळी मेमरी. त्या कामाला पायथॉनमध्ये सीक्रेट्स नावाचं मॉड्यूल आहे, ते आकडे थेट ऑपरेटिंग सिस्टीमकडून घेतं.