रास कधी मोजायची?

(दृश्य: गणपतीचा मंडप, रात्रीचे अकरा वाजून गेलेले. प्लास्टिकच्या खुर्च्या, मधोमध एक मोबाइल.)

1 सप्टेंबर 2025. गौरीपूजनाचा दिवस. पुरणाची जेवणं उरकली आहेत, उद्या गौरींबरोबर सात दिवसांचे गणपती निघतील. यावल तालुक्यातल्या आमच्या गावात आज मंडपाची राखण ज्या पोरांकडे आहे, ती सगळी एका मोबाइलवर वाकली आहेत.

साडेअकराला खिडकी बंद होणार आहे. इंग्लंडात तेव्हा संध्याकाळचे सात वाजतील. ही खिडकी म्हणजे ट्रान्सफर विंडो. फुटबॉलचा हंगाम संपला की क्लबांना खेळाडू घ्यायला आणि विकायला ठरावीक दिवस मिळतात, उन्हाळ्यात एकदा आणि जानेवारीत एकदा. मुदत टळली की कितीही पैसे ओता, दुसऱ्या क्लबाचा खेळाडू घेता येत नाही.

त्या रात्री लिव्हरपूलनं न्यूकॅसलचा अलेक्झांडर इसाक 12.5 कोटी पौंडांना घेतला. ब्रिटिश क्लबानं एका खेळाडूसाठी मोजलेली ही तोवरची सर्वांत मोठी रक्कम. त्या वेळच्या दरानं आपले जवळपास 1500 कोटी रुपये. मंडपात एकच गलका झाला. एकानं टाळ वाजवले. शेजारच्या ओट्यावरून एका काकूंनी दम भरला, तेव्हा कुठे आवाज खाली आला.

(दृश्य: वही. रेघा मारलेलं पान, निळी शाई.)

या पोरांची एक वही आहे. मागच्या पानांवर खताच्या गोण्यांचा हिशेब, पुढच्या पानांवर प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडची सर्वांत वरची फुटबॉल लीग. एका क्लबाला एक पान, पानावर तीन रकाने: काय हवं होतं, काय आलं, काय गेलं. लिव्हरपूलचं पान त्या रात्री काठोकाठ भरलं होतं. लेव्हरकुसेनचा फ्लोरियान विर्ट्झ, 10 कोटी पौंड आणि वर कामगिरीनुसार 1.6 कोटी. फ्रँकफर्टचा उगो एकिटिके. बोर्नमथचा केर्केझ, लेव्हरकुसेनचाच फ्रिम्पाँग. शेवटी इसाक. एका उन्हाळ्यात 40 कोटी पौंडांहून जास्त खर्च, तोही आदल्या हंगामात लीग जिंकलेल्या संघाचा.

दुसऱ्या दिवशी जगभर या खरेदी-विक्रीचे निकाल लागले. शाळेत लागतात तसे, प्रत्येक क्लबाला अ, ब, क. बहुतेकांनी लिव्हरपूलला वरचा नंबर दिला. आमच्या पोरांनीही दिला.

विसर्जनाहून परतताना नानांनी वही मागितली. नाना केळीवाले, हयात बागेत गेली. फुटबॉल त्यांना कळत नाही, पण आकडे ते नीट वाचतात. पान वरून खाली वाचून त्यांनी विचारलं, "बाग लावली म्हंजे घड आले का रे भो? निसवू तं दे आधी."

ही फिल्म त्या प्रश्नावर आहे.

(दृश्य: पहाट. सातपुड्याची रांग, खाली केळीची बाग. पाण्याच्या नळ्या, नुकती लावलेली रोपं.)

आमच्याकडे केळी दोनदा लागते. जून-जुलैत लावली ती मृगबाग, ऑक्टोबरच्या पुढे लावली ती कांदेबाग. टिश्यूचं, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेलं रोप लावलं तर घड कापायला अकरा-बारा महिने जातात. मधे बाग निसवते, म्हणजे घड बाहेर पडतो, मग तो पोसतो, मे-जूनच्या वादळात उभी बाग आडवी होऊ शकते, पावसाळ्यात सीएमव्ही या विषाणूचा रोग आला तर रोपं उपटून फेकावी लागतात. कापणी झाल्यावर घडांचं सरासरी वजन काढतात, त्याला म्हणायचं रास. रोपं महाग आणली म्हणून कोणी रास धरत नाही.

आता लिव्हरपूलचंच आदलं पान उलटा. उन्हाळा 2024. नवा प्रशिक्षक आर्ने स्लॉट आलेला आणि त्या हंगामासाठी खरेदी फक्त एकाची, युव्हेंटसचा फेदेरिको किएझा. मधल्या फळीसाठी त्यांना रेआल सोसिएदादचा मार्टिन झुबिमेंडी हवा होता. त्यानं नकार कळवला. त्या उन्हाळ्याला सगळ्यांनी नाकं मुरडली. स्लॉटनं मात्र संघात आधीच असलेल्या रायन ग्राव्हेनबर्चला त्या जागी उभं केलं आणि 2024-25 ची लीग लिव्हरपूलनं जिंकली.

म्हणजे हाती जवळजवळ काही न लागलेल्या उन्हाळ्यातून अजिंक्यपद निघालं. आणि 40 कोटींच्या उन्हाळ्यातून?

पहिले पाच सामने जिंकले. मग क्रिस्टल पॅलेस, चेल्सी, मँचेस्टर युनायटेड, ब्रेंटफर्ड, असे लीगमध्ये सलग चार पराभव. मधे अ‍ॅस्टन व्हिलावर एक विजय. पुढे मँचेस्टर सिटीकडून 3-0 आणि स्वतःच्या अ‍ॅनफिल्डवर नॉटिंगहॅम फॉरेस्टकडून पुन्हा 3-0. सातांत सहा हार.

(दृश्य: वहीचं तेच पान, जवळून. पहिला रकाना.)

कारण पहिल्या रकान्यात लिहिलेलं आहे. काय हवं होतं? बचावाच्या मध्यभागी एक भरवशाचा माणूस. त्या उन्हाळ्यात स्वतःच्या अकादमीत वाढलेला मध्यबचावपटू जॅरेल क्वान्सा त्यांनी लेव्हरकुसेनला विकला. त्याच्या जागी पॅलेसचा कर्णधार मार्क गेही यायचा होता. 3.5 कोटी पौंड ठरले, वैद्यकीय तपासणीही झाली, आणि इसाकची बातमी आली त्याच रात्री पॅलेसनं हात मागे घेतला, कारण त्यांना गेहीच्या बदली माणूस मिळाला नाही. पार्मातून आणलेला अठरा वर्षांचा जोव्हानी लिओनी पहिल्याच सामन्यात गुडघ्याचा स्नायुबंध तुटून हंगामाला मुकला. पुढच्या फळीत श्रीमंती आणि मागे भगदाड.

मला विचाराल तर एखाद्या क्लबाचा उन्हाळा जोखताना सगळ्यात आधी हेच बघावं. किती आणले ते नंतर. ज्या जागेला गळती होती ती जागा बुजली का?

इसाकचं वेगळंच झालं. न्यूकॅसल सोडायचं म्हणून तो उन्हाळाभर त्यांच्यासाठी खेळायला उतरला नाही. सरावाविना आला, लयीत यायला वेळ लागला, आणि 20 डिसेंबरला टॉटनहॅमविरुद्ध गोल करतानाच पाय मोडला. याचा दोष कोणाला द्यायचा? वादळ कोणाच्या बागेत शिरेल हे रोपं घेताना कोणालाच ठाऊक नसतं. पण ज्यानं उन्हाळाभर सराव केलेला नाही त्याला सप्टेंबरात घेतलं की पहिले दोन-तीन महिने हिशेबात धरायचे नाहीत, एवढं तरी आधीच कळायला हवं होतं.

(दृश्य: तिसरा रकाना, "काय गेलं". शेवटच्या ओळीवर कॅमेरा थांबतो.)

या रकान्यात लुइस दियाझ आहे, बायर्नकडे गेलेला. डार्विन नुनेझ आहे, सौदीच्या अल हिलालकडे. ट्रेंट अलेक्झांडर-अर्नोल्ड आहे, रेआल माद्रिदकडे. प्रत्येकापुढे रक्कम लिहिली आहे. सर्वांत खाली एक नाव रकमेविना आहे: दिओगो जोटा. 3 जुलै 2025 ला स्पेनमध्ये झालेल्या मोटार अपघातात तो आणि त्याचा भाऊ आंद्रे सिल्वा, दोघेही गेले. ते नाव या रकान्यात लिहावं की नाही यावर पोरांचा बराच खल झाला. शेवटी लिहिलं. त्या संघाच्या हंगामाबद्दल बोलताना ड्रेसिंग रूममधली ती रिकामी खुर्ची विसरून बोलणं मला जमत नाही.

(दृश्य: रस्त्याकडेला ट्रक. केळीचे घड भरले जात आहेत.)

आता विक्रीचं बोलू, कारण विक्री हा हिशेबाचा अर्धा भाग आहे आणि गुण देणारे तिकडे फारसे फिरकत नाहीत.

केळी तयार झाली की ती थांबत नाही. बऱ्हाणपूरला काय भाव फुटला, रावेरला काय निघाला, हे शेतकरी फोनवर विचारत राहतो, पण माल तयार आहे हे व्यापाऱ्यालाही ठाऊक असतं. खेळाडूचा करार संपत आला की क्लबाची अशीच कोंडी होते. 1995 साली बेल्जियमच्या जाँ-मार्क बोसमानच्या खटल्यात युरोपीय न्यायालयानं निकाल दिला, तेव्हापासून करार संपलेला खेळाडू फुकट जाऊ शकतो. ट्रेंटचा करार 30 जूनला संपत होता. जूनमधल्या क्लब विश्वचषकाला तो हाताशी हवा म्हणून रेआलनं जवळपास 1 कोटी युरो दिले, नाहीतर तेवढेही आले नसते. करार हाती असताना याच्या कितीतरी पट किंमत आली असती.

गेहीचंही तेच. त्याचा करार 2026 च्या उन्हाळ्यापर्यंत. सप्टेंबरात पॅलेसनं 3.5 कोटी नाकारले आणि जानेवारीत तोच खेळाडू 2 कोटींना मँचेस्टर सिटीकडे गेला. दीड कोटी पौंड बुडाले, असं वही म्हणते. मला ते पुरतं पटत नाही. पॅलेसनं त्याच मे महिन्यात एफए कप जिंकला होता, त्यांच्या इतिहासातला पहिला मोठा चषक, आणि पुढे युरोपातले सामने होते. एबेरेची एझे आधीच आर्सेनलकडे गेला होता. कर्णधारही त्याच आठवड्यात विकला असता तर मागे काय उरलं असतं? त्या दीड कोटींत पॅलेसनं अर्धा हंगाम विकत घेतला. महाग घेतला, पण गरजेचा होता.

(दृश्य: वहीत एका कोपऱ्यात केलेला भागाकार.)

पैशाचीही एक गोष्ट सांगायला हवी. इसाकचे 12.5 कोटी क्लबाच्या खात्यात एका वर्षी पडत नाहीत. करार सहा वर्षांचा, पण लीगच्या हिशेबात रक्कम जास्तीत जास्त पाच वर्षांवर वाटता येते, म्हणून दर वर्षी 2.5 कोटी खर्ची. विक्रीची रक्कम मात्र त्याच वर्षी जमेला लागते, आणि घरच्या अकादमीतला पोरगा विकला तर जवळजवळ सगळी रक्कम नफा, कारण त्याची खरेदी किंमतच नाही. प्रीमियर लीगमध्ये 2025-26 पर्यंत तीन वर्षांत जास्तीत जास्त 10.5 कोटी पौंड तोटा चालायचा. एव्हर्टन आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांचे 2023-24 मध्ये गुण कापले गेले ते याच नियमाखाली. क्वान्सा का विकला, याचं निम्मं उत्तर या भागाकारात आहे. केळीच्या बुंध्याशी फुटणारं नवं रोप म्हणजे पील. पील चांगलं असतं, खर्चही कमी असतो, पण सगळीच पिलं काढून विकली तर पीलबाग कुठून धरायची?

बाकी पानं भराभर उलटतो. बोर्नमथनं ह्यूसेन, केर्केझ आणि झाबारनी हे बचावातले तीन विकले. सगळ्यांनी त्यांना खाली ढकललं, आणि ऑक्टोबरअखेर ते दुसऱ्या क्रमांकावर होते. पोरांनी खोडून वरचा शेरा दिला. मग नोव्हेंबर-डिसेंबरात त्यांना विजयच मिळेना, पोरांनी पुन्हा खोडलं. ते पान आता वाचता येत नाही. नव्यानं वर चढलेल्या संडरलंडनं बत्तीस वर्षांच्या ग्रानित झाकाला आणलं. असा खेळाडू पुढे विकून पैसे येत नाहीत, म्हणून खरेदीच्या तक्त्यात तो वाईट दिसतो. मैदानावर त्यानं नवख्या संघाला बोलायला, थांबायला, चेंडू राखायला शिकवलं. आणि झुबिमेंडी? तो 2025 मध्ये इंग्लंडात आलाच, आर्सेनलकडे.

नानांच्या सांगण्यावरून पोरांनी वहीत चौथा रकाना आखला. त्यावर लिहिलं आहे "पुढचा मृग". विर्ट्झच्या पुढे तो मोकळा आहे. बावीस वर्षांचा मुलगा नव्या देशात पहिल्या हंगामात रुळतो आहे, त्याच्याबद्दल आत्ता काही लिहू नये असं सगळ्यांनी मिळून ठरवलं.

(दृश्य: भुसावळ स्टेशन. मुंबईकडे जाणारी गाडी फलाटावर लागते.)

वहीत एक भारतीय पान आहे, मुंबई सिटीचं. आमच्या पोरांना आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीगचा, सगळ्यात जवळचा संघ हाच, भुसावळहून रात्रीच्या गाडीत बसलं की सकाळी मुंबई. इंग्लंडात 300 कोटी पौंडांची उलाढाल होत होती त्याच उन्हाळ्यात इथे लीग होणार की नाही हेच कोणाला सांगता येत नव्हतं. लीग चालवणारी कंपनी आणि भारतीय फुटबॉल महासंघ यांच्यातला करार डिसेंबरात संपायचा होता, नवा होत नव्हता, म्हणून जुलैत हंगाम स्थगित झाला. काही क्लबांनी सराव थांबवला, काहींनी पगार थांबवले. ज्याला पुढचा सामना कधी हे माहीत नाही तो क्लब कोणाला घेणार आणि कशासाठी? डिसेंबरात मुंबई सिटीतून सिटी फुटबॉल ग्रुप, म्हणजे मँचेस्टर सिटीचा मालक समूहही बाहेर पडला. याचा राग मला आजही आहे. खेळाडूची उमेदीची वर्षं मोजकी असतात, त्यातले सात महिने असे गेले.

ते पान सप्टेंबरात कोरं होतं, दिवाळीत कोरं होतं, संक्रांत झाली तरी रेघ नव्हती. लीग अखेर सुरू झाली त्या दिवशी वहीवाल्या पोरानं कोपऱ्यात तारीख घातली, 14 फेब्रुवारी 2026, आणि पट्टी घेऊन चार रकाने आखले.

(दृश्य: मोकळं पान. बाहेर ट्रक सुरू होतो.)