अन्नावरची वासना का उडते?

(दृश्य : महात्मा फुले मंडई. डाळिंबांचे ढीग, शहाळी.)

कॅन्सरच्या पेशंटला भेटायला निघालेला पुणेकर फळं घेऊनच जातो. घरी मऊ भात होतो, नाचणीची पेज होते. "दोन घास तरी खा" ही विनवणी रोजचीच. पेशंट ताट सरकवतो आणि घरच्यांना वाटतं, यांनी धीरच सोडलाय.

पण कॅन्सरमध्ये भूक मरते, वजन घटतं आणि स्नायूही झिजतात. या झिजेला कॅकेक्सिया म्हणतात. डाएट न करता सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून जास्त वजन घटलं, म्हणजे साठ किलोच्या माणसाचे तीन किलोंहून जास्त गेले, तर डॉक्टरांना लगेच सांगायला हवं. आपण स्कॅनचे रिपोर्ट जपून नेतो, वजनाचं बोलायचं राहून जातं.

(दृश्य : मेंदूचं रेखाचित्र. तळाशी एक ठिपका.)

मेंदूच्या तळाशी एरिया पोस्ट्रेमा नावाची छोटी जागा आहे. रक्तातल्या बऱ्याच द्रव्यांना मेंदूबाहेर थोपवणारा पडदा इथे विरळ असतो, कारण रक्तात काही विषारी आलंय का, हे ओळखणं हेच तिचं काम. तसं वाटलं की मळमळ, उलटी, जेवण नकोसं. अनेक कॅन्सरमध्ये रक्तात जीडीएफ-१५ हे प्रथिन वाढतं. त्याचा रिसेप्टर, म्हणजे ते जिथे चिकटून संदेश देतं ती जागा, याच भागात असतो, हे २०१७ मध्ये उलगडलं. गरोदरपणातल्या मळमळीमागेही हेच प्रथिन असतं. फोडणीच्या वासाने उठून जाणाऱ्या गरोदर सुनेला कुणी हट्टी म्हणत नाही. आजारी सासऱ्यांना मात्र म्हणतात!

बरं, प्रश्न नुसत्या भुकेचा नाही. आजारामुळे शरीरात उठलेल्या दाहाची (इन्फ्लमेशनची) खबर मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागाला लागली की कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं आणि स्नायू झिजू लागतात. सिंपथेटिक नसा, म्हणजे आपल्या इच्छेविना चालणाऱ्या मज्जातंतूंची एक शाखा, चरबी वितळवत राहतात. म्हणून चमच्याने भरवूनही अंगावर मांस चढत नाही.

(दृश्य : औषधाची छोटी गोळी, तळहातावर.)

पुदुच्चेरीच्या जिपमेर या सरकारी वैद्यकीय संस्थेतल्या डॉक्टरांनी केमो सुरू होणाऱ्या पेशंटना ओलान्झापिन दिलं, रोज फक्त अडीच मिलिग्रॅम. हे मूळचं मानसोपचारातलं औषध, मेंदूवर काम करणारं. २०२३ मध्ये निकाल आले : औषध घेणाऱ्यांपैकी ६० टक्के जणांचं वजन ५ टक्क्यांहून जास्त वाढलं, न घेणाऱ्यांत असे ९ टक्केच. "वेडाची गोळी कशाला?" असं घरचे विचारतात, तेव्हा डॉक्टरांनी हे आकडे जरूर सांगावेत.

२०२४ मध्ये जीडीएफ-१५ लाच धरून ठेवणाऱ्या पॉन्सेग्रोमॅब या अँटिबॉडीची (औषध म्हणून बनवलेल्या प्रथिनाची) १८७ पेशंटवर चाचणी झाली. सर्वांत मोठा डोस घेणाऱ्यांचं वजन बारा आठवड्यांत, प्लासिबो (औषध नसलेला, नुसता दिखाऊ डोस) घेणाऱ्यांच्या तुलनेत, सुमारे २.८ किलोने जास्त भरलं.