राजापूरची जागा

(दृश्य : मालवणसमोरचा समुद्र, सकाळ. गस्तीनौका मच्छीमार होडीच्या अंगाला लागते.)

गस्तीनौका दिसली तसं तांडेलाने इंजिन बंद केलं. केबिनमधून प्लास्टिकची पिशवी आली, वर रबर गुंडाळलेली. आत होडीचं नोंदणीपत्र, मासेमारीचा परवाना, एकेका खलाशाचं ओळखपत्र. पोलीस कार्डावरचा फोटो बघतो, मग समोरचा माणूस, मग पुन्हा फोटो. फोटोत पावडर लावलेला पोरगा, समोर उन्हाने रापलेला दाढीवाला. दोघे एकच, हे ठरायला जरा वेळ जातो.

कुणी कुरकुरत नाही. 1993 मध्ये श्रीवर्धनजवळ शेखाडीच्या किनाऱ्यावर स्फोटकं उतरली होती. 2008 मध्ये मुंबईवर चालून आलेले अतिरेकी मच्छीमारांचीच बोट पळवून आले. देशाची सुरक्षा म्हणजे काय, हे या किनाऱ्याला कुणी समजावून सांगायला नको.

तरीही याच किनाऱ्याने दिल्लीत अशी माणसं पाठवली, जी सरकारला उभं करून विचारत: तपासणाऱ्यांना कोण तपासतो?

(दृश्य : वेंगुर्ले बंदर, दीपगृह, बाजारातली कौलारू दुकानं.)

मतदारसंघाचं नाव होतं राजापूर. आज ते नाव नकाशावर नाही. फेररचनेत गेलं आणि 2009 पासून इथला खासदार रत्नागिरी-सिंधुदुर्गचा असतो. पण 1957 ते 1991 या काळात राजापूरने दोनच माणसं निवडून दिली. बॅरिस्टर नाथ पै आणि प्राध्यापक मधु दंडवते. दोघेही समाजवादी, दोघेही बहुतेक काळ विरोधी बाकांवर.

नाथ पै या वेंगुर्ल्याचे. जन्म 1922 चा. बेचाळीसच्या लढ्यात तुरुंगवास, मग लंडनला बॅरिस्टरी. त्यांच्या सभांच्या गोष्टी सांगणारे म्हातारे अजून पडवीत बसलेले सापडतात, आणि विषय निघाला की चहा थंड होतो. वक्तृत्वाबद्दल सगळे बोलतात. त्यांच्या विधेयकाबद्दल क्वचित कोणी बोलतं, आणि खरी गोष्ट तिथेच आहे.

27 फेब्रुवारी 1967. गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींनी 6 विरुद्ध 5 असा निकाल दिला: मूलभूत हक्कांना कात्री लावण्याचा अधिकार संसदेला नाही. पुढच्याच एप्रिलमध्ये नाथ पैंनी खासगी विधेयक मांडलं. मागणी उलट होती. घटनेचा कोणताही भाग, अगदी मूलभूत हक्कसुद्धा, दुरुस्त करायचा अधिकार संसदेकडे असावा.

नागरी स्वातंत्र्याचा कैवारी हे का मागतो? उत्तरासाठी कोकणातच बघावं. खोती, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या खोतांची जमीनदारी, या मातीने पिढ्यान् पिढ्या सोसली. कूळ कायदा आला, खोती गेली, पण मालमत्तेचा हक्क तेव्हा मूलभूत हक्कांच्याच यादीत होता. जमीनसुधारणा कोर्टाच्या दारात अडकेल, ही समाजवाद्यांची धास्ती. निवडून आलेल्या सभागृहावर त्यांचा भरवसा होता. विधेयक संयुक्त समितीकडे गेलं, त्यावर चर्चा झडल्या, आणि 1970 च्या डिसेंबरात लोकसभाच विसर्जित झाली. विधेयक बारगळलं. तीनच आठवड्यांनी, 18 जानेवारी 1971 ला, नाथ पै बेळगावात वारले. वय अवघं 48. त्यांनी मागितलेला अधिकार त्याच वर्षी 24 व्या घटनादुरुस्तीने संसदेला मिळाला.

(दृश्य : सावंतवाडी स्थानक. गाडी फलाटाला लागते. मग जुनी कृष्णधवल छायाचित्रं.)

त्यांच्या जागी आले दंडवते. मूळचे अहमदनगरचे, मुंबईत सिद्धार्थ कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारे. कोकणाने त्यांना सलग पाच वेळा निवडून दिलं. रेल्वेवाले दंडवते सगळ्यांना ठाऊक आहेत. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बर्थवर गादी आणणारे, कोकण रेल्वेसाठी झटणारे. आम्हाला इथे 1975 चे दंडवते दाखवायचे आहेत.

जून महिन्यात ते बंगळूरला होते. पक्षांतराला आळा घालायच्या विधेयकावर संसदेची संयुक्त समिती बसली होती, तिच्या बैठकीसाठी. म्हणजे संसदेची आब कशी राखायची, याच कामावर. सोबत अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी, श्यामनंदन मिश्र. 25 जूनच्या रात्री आणीबाणी जाहीर झाली आणि 26 ला हे चौघे अटकेत. कायदा मिसा, म्हणजे खटल्याविना डांबता येणारा अंतर्गत सुरक्षा कायदा. इंग्रजी नावातला एस हा सुरक्षेचा. (बंगळूरचं चित्रण आमच्याकडे नाही. तुरुंगाच्या भिंतीऐवजी छायाचित्रंच पाहावी लागतील.)

पुढचं सगळं कायद्याने झालं, म्हणून ते नीट पाहायला हवं. 27 जूनला राष्ट्रपतींचा आदेश: हक्कांसाठी कोर्टात जाण्याची वाट बंद. दोन दिवसांनी वटहुकूम: स्थानबद्धाला कारण सांगायची गरज नाही. 21 जुलैला लोकसभा भरली, तर पहिल्याच दिवशी प्रश्नोत्तराचा तास रद्द. सभागृहात कोण काय बोललं, ते छापायलाही परवानगी लागे. 7 ऑगस्टला 39 वी घटनादुरुस्ती लोकसभेत संमत. पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर, आणि मिसा नवव्या परिशिष्टात, म्हणजे मूलभूत हक्कांच्या आधारे त्याला आव्हान देता येऊ नये अशा कायद्यांच्या यादीत. राजापूरने ज्या संसदेसाठी अधिकार मागितला, तिने तो असा वापरला. आणि त्या दिवशी राजापूरचा खासदार सभागृहात नव्हता. प्रमिलाताई दंडवते येरवड्यात. नवरा-बायकोचा संसार पत्रांवर.

या चौघांनी कर्नाटक उच्च न्यायालयात बंदिप्रत्यक्षीकरणाची, म्हणजे डांबलेल्याला कोर्टापुढे आणून अटक कायदेशीर आहे का ते तपासा अशी, याचिका केली. असे खटले शेवटी सर्वोच्च न्यायालयात एकत्र आले. न्यायमूर्ती खन्नांनी सरकारची बाजू मांडणाऱ्या महान्यायवादींना विचारलं, उद्या पोलिसाने वैरापोटी एखाद्याला मारूनच टाकलं तर? आणीबाणीत त्यालाही दाद नाही, असं उत्तर आलं. 28 एप्रिल 1976 ला निकाल सरकारच्या बाजूने लागला, 4 विरुद्ध 1. विरोधातला एक खन्नांचा.

(दृश्य : मालवणचा बाजार, मासळीचा लिलाव, गर्दी.)

1977 मध्ये दंडवते पुन्हा निवडून आले, मंत्री झाले. पुढे मिसा रद्द झाला. 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने जगण्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, असं ठरलं.

त्याच दुरुस्तीत आणखी एक कलम होतं. चौकशीविना डांबलेल्याला सल्लागार मंडळापुढे, म्हणजे डांबायला पुरेसं कारण आहे का ते पाहणाऱ्या मंडळापुढे, न नेता तीन महिने ठेवता येतं, ती मुदत दोन महिन्यांवर आणायची, आणि मंडळ उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीने नेमायचं. संसदेने ते संमत केलं. ते लागू कधी करायचं, ती तारीख मात्र सरकारने जाहीर करायची होती. ज्या सरकारात दंडवते स्वतः मंत्री होते, त्यानेही ती केली नाही. नंतरच्या एकाही सरकारने केलेली नाही.