मीठ जरा जास्त झालंय

मंडळी, चोरट्या प्रेमाच्या गोष्टीत चिठ्ठ्या सापडतात, भेटीगाठी कुणाच्या तरी नजरेला पडतात, शेजारीपाजारी चुगल्या करतात. जेवणावर मात्र कुणी संशय घेत नाही. ते चारचौघांत वाढलं जातं. ज्यानं प्रेमाला बंदी घातली तोही त्याच पंगतीला बसतो आणि वर थोडं मागूनही घेतो.

लाउरा एस्किवेल या मेक्सिकन लेखिकेची १९८९ सालची कादंबरी, 'लाइक वॉटर फॉर चॉकलेट', तुमच्यापैकी काहींनी वाचली असेल. बारा महिन्यांची बारा प्रकरणं आणि प्रत्येक प्रकरणाला एक पाककृती. काळ मेक्सिकन क्रांतीचा, गाव अमेरिकेच्या सीमेलगतचं. तीता ही घरातली धाकटी मुलगी. घराण्याचा रिवाज असा, की धाकटीनं लग्न करायचं नाही, आई मरेपर्यंत तिची सेवा करायची. तिच्यावर जीव असलेला पेद्रो मग तिच्याच मोठ्या बहिणीशी, रोसौराशी, लग्न करतो. कारण काय, तर तीताच्या जवळ राहता येईल! या युक्तीचं अनेकांना कौतुक वाटतं. मला नाही वाटत. त्याबद्दल पुढे बोलतो.

लग्नाचा केक तीतालाच करावा लागतो. तिची आसवं त्यात पडतात आणि तो खाऊन सगळे पाहुणे हमसून रडायला लागतात, मग ओकतात. हा प्रसंग सगळ्यांच्या लक्षात राहतो. पण माझ्या मते खरी कमाल मार्च महिन्याच्या प्रकरणात आहे. पेद्रो तीताला गुलाबांचा गुच्छ आणून देतो. मामा एलेना, म्हणजे आई, नुसत्या डोळ्यांनी फर्मावते: फेकून दे. तीता फुलं छातीशी इतकी घट्ट धरते, की काटे रुततात आणि पाकळ्यांना रक्त लागतं. ती फेकवत नाहीत, म्हणून ती त्यांचा रस्सा करते, लावे पक्षी घालून. पहिल्या लाव्याची मान मुरगाळताना तिचा हात कचरतो, आणि तो अर्धमेला पक्षी मान लटकवत स्वयंपाकघरभर धावत सुटतो. एस्किवेलबाई हे सांगायला विसरत नाहीत, म्हणून पुढचं अद्भुतही पटतं.

रस्सा ताटात पडतो. दुसरी बहीण हेर्त्रूदिस त्यानं इतकी पेटते, की नहाणीघराच्या फळ्या जळायला लागतात आणि ती तशीच, अंगावर चिंधी नसताना, एका क्रांतिकारक सैनिकाच्या घोड्यावरून निघून जाते. पेद्रो सगळ्यांदेखत म्हणतो, हे तर देवांचं सुख! आणि मामा एलेना? पदार्थ अप्रतिम झालाय हे तिला कळलेलं असतं. तरी ती एवढंच म्हणते, की मीठ जास्त झालंय.

आता बघा, तिला दुसरं काय म्हणता येणार? 'तू माझ्या जावयाला ताटातून निरोप धाडतेस' असं म्हणावं, तर निरोप आपल्यालाही पोचला हे कबूल करावं लागेल. स्वयंपाकघराची किल्ली तिच्या हातात, पण चवीवर तिचा हुकूम चालत नाही. मग धरायचं कशाला, तर मिठाला. आपल्याकडच्या किती सासवांनी ही युक्ती वापरली असेल, ते तुम्हीच सांगा.

याच मिठाची दुसरी तऱ्हा मुंबईत दिसते. २०१३चा 'द लंचबॉक्स' हा चित्रपट आठवा. इलाचा डबा नवऱ्याऐवजी साजन फर्नांडिस नावाच्या विधुराकडे जातो आणि चाटूनपुसून परत येतो. संध्याकाळी नवरा फ्लॉवरच्या भाजीचं कौतुक करतो, जी तिनं केलेलीच नसते. इला डब्यात आभाराची चिठ्ठी घालते. उत्तरात आभार नाहीत, गोडवा नाही. जेवण फार खारट होतं, एवढंच. दुसऱ्या दिवशी मिरची चढते. वरच्या मजल्यावरून नुसत्या आवाजानं संसार हाकणाऱ्या देशपांडे काकूंचा त्यात हात असतोच. तिकडे मामा एलेनाच्या तोंडी तेच वाक्य बोलणं तोडण्यासाठी होतं. इथे त्याच वाक्यापासून पत्रव्यवहार सुरू होतो. एरवी तिचा नवरा चवीबद्दल काही बोलतच नव्हता, हे लक्षात घ्या. कुणीतरी खाल्लं आणि नीट जीभ लावून खाल्लं, याचा तिला मिळालेला हा पहिला पुरावा.

चव पुरावा म्हणून वापरायची रीत आपल्याकडे जुनीच आहे. महाभारतात बाहुक नावानं वावरणारा विद्रूप सारथी म्हणजेच नळ, याची खात्री करायला दमयंती त्यानं रांधलेलं मांस दासीकडून मागवते आणि चाखते. तोंड बदललं होतं, हात बदलला नव्हता.

हो, पण इथे रांधणारा पुरुष आहे! आणि म्हणून मला पुन्हा पेद्रोकडे वळावंसं वाटतं. इला एकदा नुसता रिकामा डबा पाठवते, कारण ठरल्या जागी ती वाट बघत बसली आणि साजन समोर आला नाही. साजनला त्याचं उत्तर द्यावं लागतं. तीताला ती सोय नाही. लग्नाला मनाई करणाऱ्या रिवाजानंच तिला चुलीपाशी बसवलंय. प्रेम सांगायचं साधन आणि वेठबिगार, दोन्ही एकच. ती गुडघे टेकून, पाट्यासारख्या दगडावर बदाम आणि तीळ वाटत असते, तेव्हा पेद्रो येतो आणि बघत उभा राहतो. वाटायला बसत नाही. पुढे ती दुःखानं मूक होते, डॉक्टरच्या घरी पडून राहते, स्वतः काही रांधत नाही. तेव्हा तिला माणसात आणतं ते बैलाच्या शेपटीचं सूप. ते घेऊन येते चेंचा, घरातली मोलकरीण.